अडतीस न उघडलेली पोती

१

जुन्या मोटारीच्या खोलीची भिंत गुरुवारी भर दुपारी पडली. विहीर आटून जमाना झाला होता, मोटार कुणीतरी केव्हाच उचलून नेली होती, आणि मातीसंशोधन केंद्राच्या त्या टोकाला वाट चुकल्याशिवाय कोणी फिरकत नसे. आवाज ऐकून कोठीवाला धावत गेला. धूळ खाली बसली आणि समोर जे दिसलं, त्यानं त्याची पाचावर धारण बसली.

आत सुपर फॉस्फेटची पोती होती. फळ्यांवर एकावर एक नीट रचलेली, दगडासारखी घट्ट झालेली. त्यानं दोनदा मोजली. अडतीस. एकाचीही शिवण उसवलेली नव्हती.

कोणी म्हणेल, पोतीच सापडली ना, प्रेत तर नाही! पण त्या केंद्रात प्रेत सापडलं असतं तरी एवढा गोंधळ झाला नसता. तिथं छत्तीस वर्षं एकच प्रयोग चालू होता. एका शेताचे आठ तुकडे पाडलेले. पहिल्या दोन तुकड्यांना स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, खत अजिबात नाही, पुढच्या दोघांना दरसाल अर्धं अर्धं पोतं, त्यापुढच्या दोघांना एक एक आणि शेवटच्या दोघांना, म्हणजे सातव्या-आठव्याला, दोन दोन. बाकी बियाणं, पाणी, मशागत सगळ्यांना सारखी. वर्षानुवर्षं असं खत खाऊन मातीचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं. आणि आता कळत होतं की कुठल्या तरी तुकड्याला कागदावर वाढलं होतं आणि पानात काही पडलं नव्हतं.

केंद्राच्या प्रमुख मॅडमनी संध्याकाळच्या आत बाटलीमामांना बोलावून घेतलं.

उभ्या जन्मात ज्यानं थेंब घेतला नाही, त्याला बाटलीमामा म्हणावं, ही केंद्रातली सर्वांत जुनी थट्टा. दरसाल पेरणीच्या आधी प्रत्येक तुकड्यातली माती वाळवून, चाळून काचेच्या बाटलीत भरून ठेवत. आठ तुकडे, छत्तीस वर्षं, दोनशे अठ्ठ्याऐंशी बाटल्या. मामा गेली एकतीस वर्षं त्या खोलीचे राखणदार होते. लग्न राहून गेलं होतं. गावात एक खोली होती, तिथं ते झोपायला जात. जगायला इथं येत.

"मामा, सोमवारी समिती येतेय," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या तुकड्याला खत मिळालं नाही, कधीपासून आणि कोणामुळे, हे तुम्हाला पुराव्यानिशी सांगता आलं तर प्रयोग वाचेल. नाहीतर आठही तुकडे संशयित. छत्तीस वर्षांची रद्दी."

"आणि बाटल्या?"

"बाटल्या ठेवून काय करायचं मग? माती आहे. मातीत जाईल."

"मी? मी काय शोधणार मॅडम? मला चार माणसांत धड बोलता येत नाही."

"म्हणूनच तुम्ही. तुमचं इथं कोणाशी वाकडं नाही." मॅडमनी फाइल मिटली. "तसं सूतही नाही कोणाशी."

त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

२

शुक्रवारी सकाळी मामा पडक्या खोलीशी गेले. कोठीवाला आधीच घाम पुसत उभा होता.

"मामा, आई शपथ सांगतो, मला यातलं काही ठाऊक नाही! दरसाल पेरणीला सात पोती मोजून गाडीवर चढवतो, शेतावरच्या मुकादमाची सही घेतो. पोतं कोठीबाहेर गेलं की माझं-त्याचं नातं संपलं. लेक सासरी गेल्यासारखं."

"लेकीची खबर तरी ठेवतात लोक," मामा पुटपुटले, आणि आपण असं बोललो याचंच त्यांना नवल वाटलं. "या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"किल्ली कसली? कुलूपच नाही. नुसती कडी. आत काय होतं चोरायला?"

मामा वाकले. प्रत्येक पोत्यावर कारखान्याचा शिक्का होता आणि त्यात वर्ष होतं. सगळ्यांत खाली प्रयोगाच्या अठराव्या वर्षाची दोन पोती. त्यावर एकोणिसाव्याची दोन. असं करत करत, एक रांग भरली की दुसरी, थेट यंदाच्या दोन पोत्यांपर्यंत. एकोणीस वर्षं, दरसाल दोन. चुकून एक नाही, तीन नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सगळे शिक्के दाराच्या बाजूला होते. कडी काढून कोणीही आत डोकावलं असतं, तर ओळीनं वर्षं वाचता आली असती.

"कोणी विकायला ठेवली असतील," कोठीवाला कुजबुजला.

"एकोणीस वर्षं? एकही न विकता? असला चोर चोऱ्या करून उपाशी मरेल."

"मग?"

मामा पुन्हा पोत्यांकडे वळले. घाबरट माणूस वस्तू लपवतो तेव्हा ती पाठमोरी ठेवतो. इथं प्रत्येक पोतं तोंड दाराकडे करून बसलं होतं. पाहुणा येणार म्हणून बसावं तसं.

"तुम्ही इथं किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"नऊ. माझ्याआधी दोघं होऊन गेले."

मामांनी मनातल्या मनात कोठीवाल्याचं नाव खोडलं. नऊ वर्षांच्या माणसाला एकोणीस वर्षांचं पाप करता येत नाही.

३

प्रयोगशाळेतल्या बाई चष्मा कपाळावर चढवून नळ्या धूत होत्या. त्यांच्या जिभेला धार होती आणि केंद्रात ती धार सगळ्यांनी एकदा तरी अनुभवली होती.

"या, या, फौजदार," त्या म्हणाल्या. "बेड्या आणल्यात का?"

मामा स्टुलावर टेकले. "दरसाल दोन न उघडलेली पोती. म्हणजे अर्ध्या पोत्याचे तुकडे सुटले, त्यांच्यासाठी पोतं फोडावंच लागतं. उरलं काय? एकतर पाचवा आणि सहावा, दोघांचं एक एक पोतं मारलं गेलं. नाहीतर सातवा-आठवा, दोघांचं एक एक किंवा एकाचीच दोन."

"पाचवा-सहावा नाही." बाईंनी रजिस्टर ओढलं. मातीत पिकाला मिळण्याजोगं स्फुरद किती, हे त्या दरसाल पाहत. मातीचा अर्क नळीत घ्यायचा, औषध घालायचं, निळा रंग येतो. जितकं स्फुरद जास्त, तितका निळा गडद. तो दहा छटांच्या तक्त्याशी ताडून आकडा सांगायचा. "हे बघा. पाचवा आणि सहावा. तीन, चार, पाच... यंदा नऊ. दोघंही पायरी पायरीनं चढलेत. यांना खत मिळालंय."

"आणि सातवा-आठवा?"

बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. तिथं अक्षर मामांचंच होतं. बाई नळीकडे बघून ओरडत, मामा लिहून घेत. दहाव्या छटेच्या पलीकडे रंग गेला की तक्ता संपे, आणि त्यापुढे एकच शब्द लिहायची रीत थोरल्या सरांनी, म्हणजे प्रयोग सुरू करणाऱ्या पहिल्या प्रमुखांनी, घालून दिली होती. सातवा आणि आठवा चौदाव्या वर्षीच तक्त्याबाहेर गेले होते. तेव्हापासून दोन्ही रकान्यांत, पानामागून पान, मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: गडद. गडद. गडद.

"अर्कात पाणी घालून पातळ केला असता तर?" मामांनी हळूच विचारलं. "दहापट पातळ. मग तक्त्यात बसला असता."

बाईंनी हातातली नळी खाली ठेवली.

"अठरा वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं मी. नोकरीला नवी होते. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

मामांना आठवेना.

"म्हणालात, 'पातळ केलेल्याला रजिस्टरात रकाना नाही.'"

बाई पुढे जे बोलल्या ते हसत बोलल्या.

"मी नाही हं चोर. अठराव्या वर्षाची पेरणी झाल्यावर तीन आठवड्यांनी मी रुजू झाले. पहिली दोन पोती माझ्याआधीची आहेत. कोठीवाला काल-परवाचा. मॅडम तर वर्षभराच्या. तेव्हापासून आजपर्यंत इथं आहेत अशी माणसं दोनच, मामा. एक मुकादम." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि दुसरे तुम्ही."

४

शनिवारभर दोघं कामाला लागले. आपल्यावरच संशय आहे म्हटल्यावर माणसाला हुरूप येतो, हे मामांना नव्यानं कळलं. त्यांनी सातव्या आणि आठव्याच्या बाटल्या एकामागून एक उतरवल्या, बाईंनी चमचा चमचा माती घेतली, अर्क काढले, आणि या खेपेला दहापट पाणी घातलं. इतकी सोपी गोष्ट. शाळेतल्या पोराला सुचावी अशी. सुचायला अक्कल लागली नव्हती, फक्त कोणाला तरी तसं वाटायला हवं होतं.

नळ्या दोन ओळींत उभ्या राहिल्या. दुपारी चारला बाईंनी पडदे बाजूला केले आणि उजेड आत आला.

सातव्या तुकड्याची ओळ फिकट निळ्यापासून सुरू होऊन वर्षागणिक गडद होत गेली होती. यंदाची नळी पातळ करूनसुद्धा नवव्या छटेला पोचली होती. आठव्याची ओळ अठराव्या वर्षापर्यंत सातव्याच्या हातात हात घालून चालली होती. तिथं पाचवी छटा, इथंही पाचवी. माती पेरणीआधीची, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षाच्या बाटलीत दोघांची ताटातूट झाली. आठव्याचा रंग उतरणीला लागला. घाई नाही, धसका नाही, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा एक एक पायरी. शेवटची नळी पहिल्या छटेच्या जेमतेम वर होती.

"आणखी दोन वर्षांत पाणी न घालताही तक्त्यात आला असता," बाई म्हणाल्या. "आपोआप कळलं असतं."

"आणखी दोन वर्षांत," मामा म्हणाले. "खत थांबल्यापासून एकविसाव्या वर्षी."

बाईंनी पिकाचं रजिस्टर उघडलं आणि आठव्या तुकड्यावरून बोट फिरवत खाली आल्या. मग पुन्हा वर गेल्या. "मामा, हे कसं शक्य आहे? एकोणीस वर्षं खत नाही, आणि मका एका दाण्यानं कमी नाही? उलट सातव्यापेक्षा जरा जास्तच."

"उपाशी नव्हता तो," मामा सावकाश म्हणाले. "सतरा वर्षं दुप्पट खाल्लेलं. पिकाला लागायचं थोडं, बाकीचं मातीनं धरून ठेवलं. स्फुरद पाण्याबरोबर वाहून पाताळात जात नाही, बसल्या जागी बसून राहतं. आठवा इतकी वर्षं घरचं साठवणीतलं खात होता."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "ज्यानं कोणी हे केलं," त्या म्हणाल्या, "त्यानं या केंद्रातला सर्वांत चांगला प्रयोग केला. नकळत."

मामांना पोत्यांचे ते दाराकडे वळलेले शिक्के आठवले.

"नकळत नाही," ते म्हणाले.

५

रविवारी मामा शेतावर गेले. एकतीस वर्षांत ते तिथं किती वेळा गेले होते, हे एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. माती त्यांच्या खिडकीत येई, त्यांना मातीत जावं लागत नसे. मका कमरेएवढा झाला होता. सुट्टी असूनही मुकादम बांधावर बसला होता, कारण घरी त्याची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. हे मामांना माहीत होतं. समाचाराला जायचं त्यांनी तेव्हा ठरवलंही होतं.

"आलात," मुकादम म्हणाला. तो उठला नाही. सरकून त्यानं जागा केली.

मामा रस्ताभर घोकलेलं भाषण विसरून गेले. "अठराव्या वर्षी शेतावरच्या सहापैकी पाच माणसं कमी केली," ते कसेबसे म्हणाले. "तेव्हापासून खत तुम्ही एकटेच फेकता. बघायला दुसरं कोणी नव्हतं."

"हं."

"आठवा तुकडा."

मुकादमानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. पैलवानानं हरल्यावर सोडावा तसा एक लांब श्वास त्यानं सोडला. "चला, दाखवतो."

सातव्या तुकड्यात त्यानं एक पान हातात धरलं. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढुरके पट्टे होते. "हे बघा. आता इकडे या." आठव्यातलं पान हिरवंगार होतं. "तेव्हा दोन्हीकडं असेच पट्टे होते. स्फुरद फार झालं की पीक जस्ताला मुकतं, हे मला नंतर कुणी शिकल्यासवरलेल्यानं सांगितलं. मला नुसतं दिसायचं की याचं पोट भरलंय, आता वाढाल तर ओकेल. थोरल्या सरांना इथं आणून दाखवलं. ते काय म्हणाले? 'मुकादम, तू खत टाक. डोकं आम्ही चालवतो.'"

"मग?"

"मग म्हटलं, चालवा डोकं! आठव्याचं खत मी थांबवतो, बघू कधी कोणाच्या ध्यानात येतं. राग होता, नाही म्हणत नाही. पण चोरी नव्हती, मामा. म्हणून तर पोती जपून ठेवली, शिक्के दिसतील अशी. कुणीतरी दार उघडेल, विचारेल, मुकादम, हे काय? मग मी सांगेन, आठव्याकडे चला. पहिल्या साली वाटलं, कापणीला विचारतील. नाही विचारलं. सर बदलून गेले, दुसरे आले. तिसरे आले. कोणी बांधावर आलं नाही."

"सांगायचं होतं तुम्ही."

"सांगितलेलं एकदा वाया गेलं होतं. वाटलं, आता विचारू देत." त्यानं एक ढेकूळ उचलून हातात कुस्करलं. "दुसऱ्या साली आठव्याच्या मातीची पिशवी घेऊन तुमच्या खिडकीशी आलो. मुद्दाम थांबलो जरा वेळ. म्हटलं, हा माणूस मातीतलाच आहे, याला कळेल. तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, 'चिठ्ठी वाकडी लागलीय.'"

मामांना वाटलं, आपण दोघं दोनशे पावलांच्या अंतरावर म्हातारे झालो.

"समितीला नाव द्यावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या जबानीशिवाय आमच्या निळ्या नळ्या म्हणजे नुसता अंदाज. प्रयोग मोडीत काढतील. नाव दिलं तर तुम्हाला काढतील. निवृत्तीला चारच महिने राहिलेत तुमचे. मी... मला काही सुचत नाही, मुकादम."

"त्यात सुचायचं काय?" मुकादम पहिल्यांदा हसला. "घाला नाव. ठळक घाला. एकोणीस वर्षं दुसरं काय मागत होतो मी?"

६

सोमवारी समितीचे पाचजण लांब टेबलामागे बसले. मामांनी कागद टेबलावर ठेवला आणि वाकून वाचला. पोत्यांचा हिशेब, उघडी कडी, शिक्के, निळ्या नळ्यांच्या दोन ओळी, पिकाचे आकडे. मुकादमाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. बाई नळ्या घेऊन मागे उभ्या होत्या.

"म्हणजे दोषी मुकादम," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"अजून एक नाव आहे," मामा म्हणाले. ते कागदावर नव्हतं. "माझं. या बाईंनी अठरा वर्षांपूर्वी अर्क पातळ करायला सुचवलं होतं. मी नको म्हटलं. तेव्हा ऐकलं असतं तर पुढच्या दोन-चार वर्षांतच सगळं उघडकीला आलं असतं. मुकादमानं खत थांबवलं, पण लपवलं नाही. लपून राहिलं ते माझ्यामुळे."

अध्यक्षांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "हे सांगायला तुम्हाला कोणी भाग पाडलं नव्हतं."

"नाही साहेब. कोणी विचारलंही नव्हतं."

समितीनं तासभर दार लावून घेतलं. बुधवारी हुकूम आला. प्रयोग चालू राहणार होता. बाटल्या राहणार होत्या. मामांना लेखी ताकीद मिळाली, एकतीस वर्षांतली पहिली. मुकादमाची नोकरी वाचली, पण शेत गेलं: उरलेले चार महिने शेतावर पाऊल ठेवायची मनाई आणि नेमणूक बाटल्यांच्या खोलीत.

तो सकाळी आला आणि दारातच उभा राहिला. छतापर्यंत गेलेल्या फळ्यांकडे त्यानं मान वर करून पाहिलं. त्यातली बहुतेक माती त्याच्याच हातानं उकरलेली होती, पण ती अशी उभी राहिलेली त्यानं कधी बघितली नव्हती. मामांनी दुसरं स्टूल पुढे केलं.

"हुकुमात काय लिहिलंय माझ्याबद्दल?" बसत मुकादम म्हणाला. "चष्मा घरी राहिला."

मामांनी वाचून दाखवलं. ताकीद, मनाई, बेजबाबदार वर्तन. मुकादम मान डोलावत राहिला. शेवटचा परिच्छेद होता: "आठव्या तुकड्यास सतरा वर्षांनंतर स्फुरद बंद केल्याचे सिद्ध झाले असून, यापुढे हा तुकडा स्वतंत्र प्रयोग म्हणून याच स्थितीत चालू ठेवावा. त्यास खत देऊ नये."

"तेवढं परत वाचा."

मामांनी परत वाचलं.

"देऊ नये," मुकादम स्वतःशी म्हणाला. बाहेर मक्याला पाणी सोडलं होतं आणि तिकडे बघायचं तो टाळत होता. मग त्यानं घसा खाकरला.

"मामा, चौथ्या तुकड्याचीही एक गंमत आहे. बारा वर्षं झाली बघतोय. ऐकायला वेळ आहे का?"

पंखा फार घरघरत होता. मामा उठले आणि त्यांनी तो बंद केला.